टबाच्या ओट्यावर चहा

३ नोव्हेंबर, सोमवार

ही डायरी एका साडीवाल्या शेठने दिवाळीत हिलालमामाला दिली. वर लक्ष्मी, खाली शेठचा फोन नंबर. दोघांपैकी जो लागेल तो. मामाने ती माझ्यापुढे टाकली आणि म्हणाला, "मापं लिहत जाय." मापं माझ्या डोक्यात असतात. म्हणून यात मामाबद्दल लिहायचं ठरवलंय. पानं कमी पडतील.

मी लखन. सातवी पास. आठवीत शाळेला मी आवडलो नाही. पारोळ्याहून सुरतेला आलो, लूमवर लागलो, कानात खटखट बसली म्हणून सोडलं. कतारगामला हिरे घासायला बसलो, तिथे हलायची सोय नव्हती म्हणून सोडलं. आई म्हणते, तुझ्या पायाला भिंगरी आहे. सध्या ही भिंगरी दगडात आहे. हिलालमामाबरोबर ग्रेनाइटचं काम. मामा सख्खा नाही, आईच्या गावचा. पण ओरडतो सख्ख्यासारखा.

मामाची एक पद्धत आहे. किचनचा ओटा बसवून झाला की चपला काढतो, वर चढतो आणि सिंकच्या शेजारी उकिडवा बसतो. घरातल्या बाईने चहा करून तिथेच वर हातात द्यायचा. चहा संपेपर्यंत उतरायचं नाही. मग खाली येऊन म्हणतो, "ताई, आता भांडी मांडा." बायका खूश. मिस्तरीचं वजन पेललं, म्हणजे कुकरचं पेलणारच. मला यात फुकटच्या चहापलीकडे काही दिसलेलं नाही. हल्ली तर कपाला कान असूनही मामा बशीत ओतून पितो. बशी दोन्ही हातांनी धरतो, तान्हं बाळ धरल्यासारखी. नखरे वाढलेत.

५ नोव्हेंबर, बुधवार

भांडण झालं. मी म्हटलं, मामा, कटरला तू हात लावत नाहीस, दगडाचा पाट मी उचलतो, मोल्डिंग मी करतो, जोडाचं केमिकल मी लावतो, टेपसुद्धा मीच वाचतो. तू काय करतोस? मामा म्हणाला, "पाहस." म्हणजे बघतो. बघायला मिस्तरी कशाला लागतो? बघतो तर वॉचमनही.

मी सांगून टाकलं की आता मी माझा मोकळा. मामा थोडा वेळ तंबाखू मळत बसला. निम्मी खाली सांडली. मग म्हणाला, "जाय." एवढंच. इतक्या वर्षांच्या माणसाला निरोप द्यायला एक शब्द. सरलामामी आतून म्हणाली की डबा रोज येऊन घेऊन जायचा, भांडण काय ते मामाशी आहे, भाकरीशी नाही.

उधन्याच्या छापखान्यात कार्डं टाकली. ‘लखन ग्रॅनाइट अँड मार्बल’. अँडच्या पुढचं काम अजून कधी केलं नाही. पण कार्डावर जागा होती.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

नाव झालं. आमच्या डिंडोलीतून कामरेजपर्यंत झालं. अरविंद साहेब म्हणून आहेत, बँकेतून रिटायर, कामरेजच्या बाजूला नवीन बंगला बांधतायत. त्यांचा फोन आला, लखन मिस्तरीच ना? मिस्तरी. मी आवाज जाड करून हो म्हटलं. वाल्मिक माझा रूम पार्टनर, रात्रपाळीला लूमवर असतो आणि दिवसा मला हात देणार आहे. तो म्हणाला, त्यांना तुझा नंबर दिला कोणी? म्हटलं, कार्डाची कमाल. तो म्हणाला, कार्डं अजून छापखान्यात आहेत. त्याला धंद्यातलं काही कळत नाही.

८ नोव्हेंबर, शनिवार

जाऊन आलो. काम किचनचं नाही, बाथरूमचं आहे. टब. मुलीने पसंत करून पुण्याहून पाठवलाय, पांढरा, फायबरचा. माणूस अख्खा मावेल एवढा. तो वर दिसायचा नाही. वर चारही बाजूंनी काळा ग्रेनाइट, मध्ये भोक, आणि भोकाखाली टब. म्हणजे ओटा आणि सिंक. नुसतं मोठं. एवढ्यासाठी साहेबांनी तीन मिस्तरी बघितले म्हणे.

आधी मराठीत गप्पा झाल्या. सुरतेत मराठी माणसाला मराठी माणूस भेटला की पहिली पंधरा मिनिटं गाव कोणतं यात जातात. साहेब नाशिकचे. मग त्यांनी टबाबरोबर आलेला कागद काढला, इंग्रजीत, जाड भिंगातून वाचला आणि मला दिला, जसं काही मी पुढचं वाचणार आहे. मी चित्रं बघितली. टबाच्या पोटाखाली ठिपकेठिपके काढले होते, वाळू भरल्यासारखे. पॅकिंग असणार. टब फुटू नये म्हणून. मी मान डोलावली आणि कागद घडी करून परत दिला.

त्यांची बायको उषाबाई. गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, काठी घेऊन चालतात. मागच्या घरात न्हाणीत पडल्या होत्या, तेव्हापासून आंघोळीला एकट्या जात नाहीत, साहेब दाराबाहेर उभे राहून खोकत असतात. डॉक्टरने गरम पाण्यात पाय सोडून बसायला सांगितलंय. काकूंनी मला बाजूला घेतलं.

"हे बघ लखन, मला वाकून आत उतरता येत नाही. मी या कडेवर बसणार, मग एकेक पाय आत घेणार. कड माझा भार घेईल ना? मला खरं सांग."

मी म्हटलं, "काकू, हत्ती बसवा."

त्या हसल्या. म्हणाल्या, हत्तीला एवढं दुखत नाही.

११ नोव्हेंबर, मंगळवार

पाट कापला. एकाच दगडात भोक काढलं, चारही कोपरे काटकोनात, एकदम धारदार. मामा कोपरे गोल काढतो. जुनी फॅशन.

दोन्ही टोकांना कडप्प्याचे उभे पाट लावले, मागची कड भिंतीत घातली. पुढची पट्टी मोकळी सोडली, वीतभर रुंद. खाली नुसता सिमेंट शीटचा पडदा, वर टाइल लावायला. प्लंबर धनसुखभाईला आत हात घालायला जागा हवी म्हणून असं केलं, असं मी त्याला सांगितलं. खरं म्हणजे पुढे विटांची भिंत बांधायचा कंटाळा आला होता. हे इथे लिहायला हरकत नाही, डायरी कोणी वाचत नाही.

१२ नोव्हेंबर, बुधवार

साइटवर एक टेम्पो येऊन लोखंडाचे दोन अँगल टाकून गेला. लाल रंग मारलेले, नवे. कोणी मागवले नव्हते. टेम्पोवाल्याला विचारलं, कोणाचे? तो म्हणाला, पत्ता हाच दिलाय, अने हात झटकून गेला. पाहा, माझ्या लिहिण्यात गुजराती घुसायला लागली. सुरतेतले टेम्पोवाले हा एक वेगळाच समाज आहे.

वाया कशाला घालवायचे? दोन्ही बाजूंना विटा रचून वर अँगल टाकले, त्यावर फळी. जेवायला मस्त बाक झाला.

दुपारी त्या बाकावर कोण येऊन बसावं? हिलालमामा. म्हणे कामरेजला वांगी घ्यायला आलो होतो. भरताची. डिंडोलीत वांगी मिळत नाहीत जणू. हातातली पिशवी रिकामी होती. बाथरूममध्ये जाऊन बघून आला, पुढच्या पट्टीपाशी बराच वेळ उभा राहिला, मला वाटलं आता सुरू होणार. मी उत्तरं तयार ठेवली होती. मामा मात्र वळला. बाहेर येऊन बाकावर बसला, फळीखालच्या अँगलवर टकटक केली आणि म्हणाला, "हाऊ अँगल चांगला शे."

मग गेला. माणूस वांग्यासाठी एवढ्या लांब येतो आणि लोखंडाचं कौतुक करून जातो. वयाचा परिणाम.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

आज टब चढवला. विटांवर उचलून घेतला, काठाला केमिकल लावलं, वर पाट ठेवला. मी आणि वाल्मिक आणि गल्लीतले दोघे. सिंक असंच चिकटवतात. वाल्मिक मध्येच उभ्याउभ्या झोपला, पण पाट सोडला नाही, हे त्याच्या लूमचे संस्कार.

१५ नोव्हेंबर, शनिवार

टबाखालच्या विटा काढल्या. काय लटकलाय! हवेत! खालून हात फिरवला तर मोकळं. ओट्याच्या कामात नियमच आहे, जोड वाळला की टेकू काढायचा, नाहीतर काम अर्धवट दिसतं. फोटो काढून स्टेटसला ठेवला. सत्तावीस जणांनी बघितला. त्यात मामा. मामा स्टेटस बघतो हे मला आजच कळलं.

धनसुखभाई पाइप जोडायला वाकला आणि खालूनच बोलला, "लखनभाई, आना पग तो हवामां छे." टबाला खाली चार पाय आहेत म्हणे, ते जमिनीला टेकत नाहीत.

मी म्हटलं, सिंक पण हवेतच असतं.

तो म्हणाला, "सिंकला पाय असतात का?"

म्हटलं, नसतात. म्हणून तर.

तो पुन्हा पाइपकडे वळला. मी जिंकलो.

१७ नोव्हेंबर, सोमवार

जिंकलो खरा. पण सिंकला पाय नसतात आणि टबाला आहेत, मग ते कंपनीने कशाला दिले? शोभेला? कोणाला दिसणार आहेत ते?

आज पुढच्या पट्टीवर बोटाने वाजवून बघितलं. टोकाला आवाज भरीव, मध्ये पोकळ. पोकळ येणारच, खाली हवा आहे. हे मी स्वतःला चारपाचदा समजावलं.

डबा आणायला गेलो तर मामा बाहेरच्या खाटेवर. मला म्हणाला, "तू बठना का वर?" बसलास का वर, म्हणून. मी म्हटलं, मला फुकटच्या चहाची सवय नाही. मामीने डबा देताना सांगितलं की दिवाळीपासून मामाने एकही नवं काम घेतलेलं नाही. आहे बुवा मजा. काही माणसांना आराम झेपतो.

१९ नोव्हेंबर, बुधवार

आज सगळं लिहितो, डाव्या हाताने. उजव्याला कोपरापासून सूज आहे.

धनसुखभाईने गळती बघायला टब काठोकाठ भरला. साहेब, काकू, वाल्मिक, सगळे बाथरूमच्या दाराशी. पाणी बघून काकूंचा चेहरा असा झाला, जसं कोणी त्यांना माहेरी न्यायला आलंय. म्हणाल्या, आजच पाय सोडते, साडी वर घेते, कोण बघतंय. त्यांनी काठी भिंतीला टेकवली, पट्टीकडे पाठ केली आणि दोन्ही हात मागे नेले. बसायला.

मला ते चार पाय दिसले. खरे नाही, टाइलच्या आड होते ते. पण दिसले.

"थांबा काकू," मी म्हटलं.

"का रे? वाळलं नाही का?"

वाळलं नाही म्हटलं असतं तर सुटलो असतो. सुचलंच नाही. तोंडातून निघून गेलं, "आधी मिस्तरी बसतो. चहा पितो. मग घरच्यांनी."

काकू टाळी वाजवून म्हणाल्या, "अगदी हिलालभाऊंसारखं! आमच्या उधन्याच्या घराचा ओटा त्यांनीच केला होता. वर बसून चहा प्यायले होते, मी विसरलेच. तुझं नावही त्यांनीच दिलं ना. म्हणाले, माझ्यापेक्षा याला द्या."

म्हणजे कार्डाची कमाल नव्हती. हे पचवायला मला वेळ हवा होता, पण काकू चहा टाकायला गेल्याही. काठीशिवाय, भिंतीला धरून. साहेब ओरडले, अगं काठी. कोणाला ऐकू येतंय.

चहा आला. आलं घातलेला. मी चपला काढल्या, पट्टीच्या बरोबर मध्ये बसलो. पाठीमागे पाणी. पहिला घोट घेतला. काही झालं नाही. वाल्मिककडे बघून भुवई उडवली. दुसरा घोट घेतला.

आवाज मोठा आला नाही. सुपारी फोडावी एवढाच. पहिला डाव्या कोपऱ्यातून, मग उजव्या. त्या माझ्या धारदार काटकोनांतून. मग पट्टी माझ्याखालून गेली, टब धाडकन आपल्या चार पायांवर उभा राहिला, शेवटी एकदाचा, आणि मी उताणा आत. निम्मं पाणी बाहेर, साहेबांचे मोजे भिजवून पार हॉलपर्यंत. फक्त पाण्याचा आवाज. माझा कप हातात शाबूत होता. चहा मात्र टबात.

काकू त्या तुटलेल्या पट्टीकडे बघत होत्या. तिचं टोक नुकतं तुटलेलं, सुरीसारखं, वर आलेलं. त्या जिथे बसणार होत्या, तिथेच. हळूच प्लास्टिकच्या स्टुलावर बसल्या. मला वाटलं आता बोलतील. माझ्याकडे न बघता साहेबांना म्हणाल्या, "त्याला टॉवेल द्या. मी दुसरा चहा टाकते."

शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

२० नोव्हेंबर, गुरुवार

गेलो नाही. सुरतेत दुसरे धंदे आहेत. एम्ब्रॉयडरीत माणसं हवी आहेत म्हणे. वापीलाही काहीतरी असेल. पिशवी भरली. वाल्मिक म्हणाला, कुठे चाललास? म्हटलं, बघू. तो म्हणाला, पाट उचलून माझा खांदा गेला, तू पळालास तर मी साइटवर जाऊन काकूंना तुझ्या गावचा पत्ता देईन. झोपाळू माणसं अशी घातकी असतात.

पिशवी अजून भरलेलीच आहे. तिच्यावर डोकं ठेवून लिहितोय.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

सकाळी साइटवर गेलो तर मामा बाकावर बसलेला. पुन्हा वांगी घ्यायला आला होता. या माणसाने सगळं कामरेज वांगीमुक्त करायचं ठरवलंय.

मी म्हटलं, बोल आता. मामा म्हणाला, "मी बी टब कधी बसाडा नही." त्यानेही कधी बसवला नाही म्हणजे. मग म्हणाला, "पन बाई कोठे बठीन, ते पहिले इचारनं पडस."

म्हटलं, विचारलं होतं मी. तिनेच सांगितलं होतं.

"मंग?"

मी साहेबांना टबाचा कागद काढायला सांगितला. मामाने पुढे ताणलंही नाही. तेवढं त्याच्यात आहे, कबूल करावं लागतं.

साहेबांनी कागद काढला, भिंग काढलं, मी पुन्हा चित्र बघितलं. ते ठिपके म्हणजे पॅकिंग नव्हतं. टबाच्या पोटाखाली सिमेंट-वाळूचा मसाला भरायचा, ओला असताना टब त्यावर दाबून बसवायचा, म्हणजे पाण्याचं आणि माणसाचं वजन जमिनीवर जातं. टबाने दगडाला लटकायचं नाही आणि दगडाने टबावर बसायचं नाही. दोघांचं वेगवेगळं घर. साहेब म्हणाले, हे मी इंग्रजीत वाचलं होतं, पण मला वाटलं मिस्तरींना माहीतच असेल. मला वाटलं साहेबांना कळलं असेल. असा आम्हा दोघांचा एकमेकांवर विश्वास.

२४ नोव्हेंबर, सोमवार

नवा पाट आणला. पैसे कोणाचे ते लिहीत नाही, लिहिलं की जास्त दुखतं.

मसाला भरून टब बसवला. पुढे विटांची भिंत, धनसुखभाईसाठी एक लहान दार ठेवून. या वेळी भोकाचे कोपरे गोल काढले. मामाने थापी घेतली, मसाला उचलला, भिंतीपर्यंत जाईस्तोवर निम्मा सांडला. पुन्हा घेतला, पुन्हा सांडला. थापी माझ्या हातात दिली आणि म्हणाला, तूच कर, मी पाहस. मसाल्याचा गोळा पातळ होता, असं म्हणालो. तो पातळ नव्हता. मीच कालवला होता.

दाराच्या वर भिंत नव्हती, तिथे पट्टीखाली काहीतरी आडवं हवं होतं. लांब, मजबूत, लोखंडी. मी इकडेतिकडे बघितलं. मामा त्याच्यावरच बसलेला होता. उठून बाजूला झाला आणि आभाळाकडे बघायला लागला, वर छत असताना.

फळी काढली. दोन्ही अँगल पट्टीखाली घातले. एक बरोबर बसला. दुसरा बोटभर जास्त निघाला, कापावा लागला. ज्याने कोणी माप घेतलं त्याला टेप धड दिसत नसावा. किंवा धरता येत नसावा. मी विचारलं, मामा, कोणाचे असतील रे हे?

"कोनाले माहीत," मामा म्हणाला. "टेम्पोवाला चुकना व्हई."

२८ नोव्हेंबर, शुक्रवार

टब भरला. काकूंनी चहा केला. मामाला म्हणाल्या, हिलालभाऊ, बसा वर. मामाने माझ्याकडे बोट केलं. म्हणे, काम त्याचं, बूड त्याचं.

बसलो. सूज उतरलेली नाही, कोपराची नाही आणि बसायच्या जागेचीही नाही. पूर्ण कप प्यायलो, अगदी सावकाश, तळाचा गाळसुद्धा. धनसुखभाई तर हॉलमध्ये जाऊन उभा राहिला होता, सुक्या जागी.

मग उतरून म्हटलं, "काकू, आता तुम्ही."

त्यांनी काठी टेकवली, पाठ केली, हात मागे नेले. बसल्या. हात पट्टीवर घट्ट, बोटं पांढरी. मग एक पाय आत. थांबल्या. दुसरा पाय आत. पाणी गुडघ्यांपर्यंत आलं आणि त्यांनी बोटं सोडली. साहेबांना म्हणाल्या, "आता बाहेर जा तुम्ही. आणि खोकू नका."

आम्ही सगळेच बाहेर आलो. मामाला बशीत चहा दिला होता. दोन्ही हातांनी धरली तरी बशी वाजत होती. थोडा सांडला, नव्या फरशीवर. मी पायाने पुसला आणि बशीखाली माझाही हात लावला, जसं काही मला गरम लागतंय का बघायचंय. मामाने काढ म्हटलं नाही.

येताना छापखान्यातून कार्डं घेतली. चांगली झालीत. पण ‘लखन’च्या आधी जागाच सोडलेली नाही, तिथे आणखी एक नाव बसत नाही. सगळा गठ्ठा परत दिला, नवीन छापायला सांगितलं. छापखानेवाल्याने विचारलं, पार्टनर का? म्हटलं, पार्टनर नाही, बघणारा माणूस आहे. कामात एक लागतो.

मामाला अजून सांगितलं नाही. रस्त्यात उतरलाय तो. या वेळी मात्र खरंच वांगी घेतोय.